चारचाकी आली, म्हणजे जात गेली का?

चर्चेत मुद्दे संपले की समोरचा एक हुकमी वाक्य टाकतो. "आता कुठे राहिली जात? तुमची पोरं तर चारचाकीत फिरतात." ऑफिसात, कॉलेजच्या कट्ट्यावर, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य आपण प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेले आहे. आरक्षणाचा विषय निघाला की ते हमखास येते. आणि आपल्यातलेही काही जण त्यावर गप्प बसतात, कारण दारात खरोखरच गाडी उभी असते, भले तिचे हप्ते अजून फिटायचे असोत.

याला उत्तर म्हणून आपण सांगतो की आमच्यातले बहुसंख्य अजून गरीब आहेत. ते खरेच आहे. पण हे उत्तर देताना आपण नकळत समोरच्याची अटच मान्य करतो. म्हणजे उद्या सगळ्यांच्या दारात गाडी आली तर जात संपली, असे मानायचे का? जात ही गरिबीची दुसरी बाजू आहे, पैसा आला की ती आपोआप जाते, हे गृहीतकच मुळात चूक आहे. आणि ते चूक असल्याचा पुरावा बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यात दोनदा सापडतो. दोन्ही वेळा प्रश्न वाहनाचाच होता.

पहिला प्रसंग १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेले लहानगे भीमराव आणि सोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. जात कळेपर्यंत स्टेशनमास्तरही आपुलकीने बोलत होता. जात कळली आणि एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. पण कसा? गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता तेच भीमराव बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या समाजाने त्यांना थांबवून घेतले. पाहुण्याला महारवाड्यापर्यंत पायी न्यायचे नाही म्हणून टांगा ठरवला. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण हाकायला नकार दिला. मग समाजातलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर अपघात झाला. टांगा आणि घोडा खाली नदीत गेले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन प्रसंगांच्या मध्ये अठ्ठावीस वर्षे आहेत. कोलंबिया आहे, लंडन आहे, बॅरिस्टरी आहे. भाडे तेव्हाही मोजले, आताही मोजले. पैशाने दोन्ही वेळा लाकूड आणि चाक मिळाले. माणूस मिळाला नाही. ‘चारचाकीत फिरता’ म्हणणाऱ्याला हेच सांगायचे आहे. वाहन विकत घेता येते. जात ही माणसामाणसातल्या नात्याची व्यवस्था आहे, ती बाजारात सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल की ती बैलगाडी आणि टांगा होता, जुना काळ होता. यंत्र आले, मोटार आली की हे सगळे बदलते. ही समजूत जुनी आहे आणि फार मोठ्या माणसाचीही होती. कार्ल मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिले होते की रेल्वेमागून येणारे आधुनिक उद्योग भारतातली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील आणि ती मोडली की जातींचा पाया जाईल. रेल्वे आली, कापडगिरण्या आल्या. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. यंत्र नवे होते, विटाळ जुनाच होता.

मग मोटारीने काय केले? आपल्या देशात मोटार उशिरा आणि थोड्यांकडे आली. म्हणून जिथे ती घरोघरी पोहोचली त्या अमेरिकेकडे पाहू. तिथल्या कृष्णवर्णीयांशी आपले नाते नवे नाही. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते तिथल्याच चळवळीकडे पाहून.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मोटारीचा इतिहास तीन प्रश्नांत संपतो. पहिली मोटार कोणाची? कार्ल बेंझची, १८८६. ती सामान्यांच्या आवाक्यात कोणी आणली? हेन्री फोर्डने, १९०८ च्या मॉडेल टी गाडीने. भारतातल्या मध्यमवर्गाला कोणी दिली? मारुती ८०० ने, १९८३ मध्ये. हे तिन्ही टप्पे खरे आहेत. पण या इतिहासात मालक आणि यंत्र आहे, बाकी माणसे गायब आहेत.

बेंझपासूनच सुरुवात करू. त्याने २९ जानेवारी १८८६ ला जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. पण ती गाडी लांबच्या प्रवासाला चालते हे जगाला कोणी दाखवले? त्याची बायको बर्था बेंझ हिने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर गाडी घेऊन गेली. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. नळीत कचरा अडकला तो टोपीच्या पिनेने काढला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका गावातल्या चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. आज प्रत्येक गाडीत असलेल्या ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथे झाली असे मानतात. धंद्यात बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम घातली होती. पेटंटवर तिचे नाव मात्र नव्हते. आणि त्या चांभाराचे नाव तर आपल्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. श्रम कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आता फोर्ड. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी मिशिगनमधल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात केली. एका गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम दीड तासाच्या आसपास येऊन ठेपले. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. साडेआठशे डॉलरची मॉडेल टी पुढे तीनशे डॉलरच्या खाली आली. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. हे यश खोटे नाही आणि ते नाकारायचे कारण नाही. फोर्डने हजारो कृष्णवर्णीयांना काम दिले, हेही खरे. त्या काळातल्या बहुतेक कारखान्यांनी तेवढेही केले नाही.

पण काम कुठे दिले? रिव्हर रूजच्या अवाढव्य कारखान्यात कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने सापडत ते ओतशाळेत. तापलेला धातू, धूर आणि भाजण्याचा धोका असलेले काम त्यांच्या वाट्याला. जात म्हणजे श्रमांची विभागणी नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले. जगातल्या सर्वांत आधुनिक कारखान्यात वंशाच्या आधारावर नेमके तेच चालले होते. आणि घरोघरी गाडी देणारा हा फोर्ड आपल्या वर्तमानपत्रातून वर्षानुवर्षे ज्यूंविरुद्ध विष पेरत होता. १९३८ मध्ये त्याने हिटलरच्या राजवटीचे पदकही स्वीकारले. गाडी सर्वांसाठी बनवणारा माणूस समतावादी असतोच असे नाही.

मग कृष्णवर्णीयांनी स्वतःची गाडी का बनवली नाही? बनवली होती. चार्ल्स रिचर्ड पॅटरसन गुलामीत जन्मला. पुढे ओहायोतल्या ग्रीनफिल्ड गावात त्याने घोडागाड्यांचा कारखाना काढला. त्याचा मुलगा फ्रेडरिक याने १९१५ मध्ये ‘पॅटरसन-ग्रीनफिल्ड’ नावाची मोटार बाजारात आणली. हुशारी होती, हातात कसब होते. भांडवल नव्हते. डेट्रॉइटच्या कारखान्यांपुढे तो टिकला नाही, बस आणि ट्रकच्या बॉडी बांधण्याकडे वळला आणि १९३९ मध्ये कंपनी बंद पडली. गॅरेट मॉर्गनने १९२३ मध्ये चौकात सर्व बाजूंची वाहने क्षणभर थांबवणाऱ्या सिग्नलचे पेटंट घेतले. त्याचे आईवडील गुलामीतून आलेले. गुणवत्ता कुठे आहे असे आपल्याला विचारणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. गुणवत्ता होती, तिला भांडवल आणि बाजार मिळू दिला नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या कृष्णवर्णीयांनी गाडी विकत घेतली त्यांचे काय झाले? दक्षिणेत रेल्वे आणि बसमध्ये त्यांना वेगळे, मागे बसावे लागे. स्वतःची गाडी म्हणजे त्या अपमानातून सुटका, म्हणून ज्याला जमले त्याने गाडी घेतली. पण गाडीला पेट्रोल लागते आणि माणसाला जेवण, संडास, रात्रीचा निवारा. यातले काहीही रस्त्यात नाकारले जाऊ शकत होते. काही गावांत सूर्यास्तानंतर काळा माणूस दिसता कामा नये असा दंडक होता. म्हणून १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या टपाल कर्मचाऱ्याने एक पुस्तिका काढली. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणाचे घर, कोणता पेट्रोल पंप आपल्या माणसाला उभे करतो याची ती यादी होती. ‘ग्रीन बुक’ या नावाने ती तीस वर्षे निघत राहिली. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यावरच तिची गरज संपत गेली.

गाडी मालकीची, पैसे खिशात, रस्ता सरकारी. तरी कुठे थांबायचे यासाठी वेगळे पुस्तक लागत होते. म्हणजे मसूरचे स्टेशन आणि अमेरिकेचा महामार्ग यांत फरक फक्त वाहनाचा होता.

मग गाडी निरुपयोगी आहे का? नाही. आणि इथेच मोटारीच्या इतिहासातला तो टप्पा येतो जो मला सर्वांत मोठा वाटतो. ठिकाण अलाबामातले मॉन्टगोमेरी. मार्च १९५५ मध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनने बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. १ डिसेंबरला रोझा पार्क्सने तेच केले. जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रके छापून काढली आणि ५ डिसेंबरपासून बसवर बहिष्कार सुरू झाला. बसचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते. पण धुणीभांडी करायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या बाईने रोज जायचे कसे?

आधी कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, लोकांना नेले. प्रशासनाने किमान भाड्याचा नियम पुढे करून ते बंद पाडले. मग ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी त्या चळवळीला दिल्या. सुमारे तीनशे गाड्या. कुठे चढायचे, कुठे उतरायचे, कोणत्या वेळी कोण चालवणार, सगळे ठरलेले. चर्चनी मोठ्या गाड्या घेतल्या. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकी बाईने इतर बायकांना जमवून जेवण आणि पाय विकून पेट्रोलला पैसे उभे केले. पोलिसांनी चालकांना क्षुल्लक कारणांवरून पकडले. २५ मैलांच्या हद्दीत ३० मैलांनी गाडी चालवली म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक केली. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. शेवटी १३ नोव्हेंबर १९५६ ला स्थानिक न्यायालयाने ही गाडीव्यवस्था थांबवण्याचा हुकूम दिला. आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. तो खटला चार स्त्रियांनी लढवला होता. ३८१ दिवस हा लढा चालला.

या लढ्यात गाडी तीच होती, फोर्ड आणि शेव्हरोले. पण तिच्या मालकाने ‘मी बसमधून सुटलो’ असे म्हटले नाही. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना त्याने आत घेतले. गाडीने वर्णभेद मोडला नाही. संघटित माणसांनी मोडला आणि गाडी त्यांच्या कामाला आली.

आणि एवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्याच १९५६ सालच्या जूनमध्ये अमेरिकेने ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा केला. मोटारीच्या इतिहासात हाही मैलाचा दगड म्हणून सांगतात. ते रस्ते शहरात शिरले तेव्हा डेट्रॉइटचा ब्लॅक बॉटम, मायामीचा ओव्हरटाउन, सेंट पॉलचा रोंडो या कृष्णवर्णीय वस्त्या त्यांच्याखाली गेल्या. बसमधली जागा मिळाली, राहती घरे गेली. रस्ता कुठून जाणार हे ठरवणाऱ्या टेबलावर आपण नसलो तर काय होते, ते यातून शिकावे.

आता आपल्याकडे या. १९८३ मध्ये मारुती आली. जानेवारी २००८ मध्ये एक लाखाच्या नॅनोचे अनावरण झाले, सामान्य माणसाची गाडी म्हणून तिचे कौतुक झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, २६ जानेवारी २०१६ पासून, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातली एक दुरुस्ती लागू झाली. कलम ३(१)(झेड ए). अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, सार्वजनिक ठिकाणी चप्पल-बूट किंवा नवे कपडे घालण्यापासून, वरात काढण्यापासून, वरातीत घोड्यावर किंवा वाहनात बसण्यापासून रोखणे हा या कलमाने गुन्हा ठरवला. संसदेला हे शब्द लिहावे लागले याचा अर्थ काय? कायदा हवेत होत नाही. देशात रोखले जात होते म्हणून लिहावे लागले. जो देश एक लाखात मोटार बनवू शकत होता, त्याला सायकलवर बसण्याचा हक्क वेगळा सांगावा लागला. भारतातल्या मोटारीच्या इतिहासाचा हा टप्पा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात यायला हवा. ‘आता कुठे जात राहिली’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी हे कलम वाचून दाखवा.

संविधानाचे कलम १५(२) पाहा. विहिरी, तलाव, घाट यांच्यासोबतच तिथे रस्ते लिहिलेले आहेत. महाडच्या तळ्याचा आणि गावच्या रस्त्याचा हक्क एकाच वाक्यात आहे. तळे आपण लक्षात ठेवले, रस्ता विसरलो.

मित्रांनो, गाडी घेऊ नका असे मी म्हणत नाही. उलट जरूर घ्या. बाबासाहेबांचा सूट हाही एक राजकीय विचार होता. ज्यांना चांगले कपडे नाकारले त्यांनी चांगले कपडे घालणे हा विद्रोहच आहे, आणि ज्यांना बैलगाडी नाकारली त्यांच्या नातवाने काचेवर ‘जय भीम’ लिहून गाडी चालवणेही. पण स्टिकर लावून काम संपत नाही. मॉन्टगोमेरीचा प्रश्न आपल्यालाही आहे. तुमच्या गाडीत तुमच्याशिवाय कोण बसते?

तीन गोष्टी आपण करू शकतो. पहिली, अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांची. फिर्यादी आणि साक्षीदार तारखेला जिल्ह्याच्या न्यायालयात पोहोचलेच नाहीत तर खटला तिथेच कमजोर होतो. १९९५ च्या नियमांतला नियम ११ पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता देतो. तो मागायला शिका, शिकवा. आणि तो हातात पडेपर्यंत तालुक्यातल्या गाडीवाल्यांची यादी करून तारखेला माणसे नेण्याची जबाबदारी वाटून घ्या. जयंतीच्या रॅलीला पन्नास गाड्या निघतात, मग तारखेला एक का निघू नये?

दुसरी, वरात किंवा मोटारसायकल अडवल्याची घटना घडली तर ‘किरकोळ भांडण’ म्हणून मिटवू देऊ नका. फिर्यादीत हे कलम लागले आहे का ते तपासा.

तिसरी, एसटी. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली बस धावली. तिकीट काढले की कोणाच्याही शेजारी बसता येते, हे ज्या वाहनाने खेड्यात रुजवले ते एसटीच आहे. वस्तीवरची मुलगी कॉलेजला जाते ती पासवर, चारचाकीत नव्हे. तिची फेरी बंद झाली की तिचे शिक्षण बंद होते. आपल्या दारात गाडी आली म्हणून एसटीचा प्रश्न आपला राहिला नाही असे ज्या दिवशी आपल्याला वाटेल, त्या दिवशी समोरच्याचे ते हुकमी वाक्य आपणच खरे केलेले असेल.

चाळीसगावला लगाम धरून बसलेला तो माणूस टांगेवाला नव्हता. त्याला हाकता येत नव्हते, तरी तो बसला, कारण दुसरे कोणी बसायला तयार नव्हते. आज आपल्याला चालवता येते, गाडीही आपली आहे. ती घेऊन आपण कोणाला न्यायला जाणार, एवढेच आता ठरवायचे आहे.

जय भीम.